दांडीवरचा आषाढ

आषाढात आमच्या घरी धुण्याचा कुणी बाऊ करत नाही. धुणं मशीन धुतं, लाइट नसले तर मी धुते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. धुतलेलं वाळवायचं असतं. देवरुखच्या आमच्या कौलारू घरात या कामाला वेळकाळ नाही, रविवार नाही, आणि त्याचा सगळा कारभार सासूबाईंकडे आहे. घरखर्चाचा हिशेब त्यांनी केव्हाच माझ्या हवाली केला, देवपूजा नवऱ्यावर सोपवली, पण दांडी सोडली नाही. कुठला कपडा कुठे, किती वेळ आणि कुणाच्या आधी, हे त्याच ठरवतात. घरात कांदाभजी मागणारी माणसं चार आहेत. दांडीवर वीतभर जागा मोकळी झालेली दिसणारं माणूस मात्र एकच.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा घास जुलै घेतो. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. दोघांत म्हाताराच चिवट. तरणा कोसळतो आणि मध्येच दम खातो. म्हातारा दिवसदिवस एका लयीत लागून राहतो. अशी झड बसली की हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या खाली यायचं नाव घेत नाही. समोरचा डोंगर दिसेनासा होतो, खळ्यात शेवाळ धरतं, आणि सकाळी धुतलेला टॉवेल संध्याकाळी हातात घेतला तर सकाळइतकाच जड लागतो.

घरात वाळत घालायच्या जागा चार, चढत्या भाजणीच्या. सर्वांत हलकी पुढची पडवी. पूर्वी तिला चुडतांची झापं बांधायचे, आता निळी ताडपत्री आणि हिरवी जाळी असते. पिळलेलं सगळं आधी इथे येतं आणि निथळतं. दुसरी जागा माजघर. तिथे पंख्याखाली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नायलॉनच्या दोऱ्या आहेत, त्यामुळे आषाढात आमच्याकडे उंच माणूस वाकून आत येतो. तिसरी स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागची जाळी. आमचा फ्रिज जुना, त्याची मागची जाळी कोमट असते, आणि तिथे मोज्यांचे दोन जोड बरोबर बसतात. चौथी, सर्वांत मानाची, मागल्या पडवीत. तिथे आंघोळीचं पाणी तापवायची चूल आहे आणि चुलीच्या वर, हात पुरणार नाही इतक्या उंचीवर, दोन दोरांनी टांगलेली बांबूची दांडी. कपडा काठीच्या टोकाने वर चढवायचा आणि काठीनेच पसरायचा. मला लग्नानंतर ते जमायला बरेच पावसाळे लागले. सासूबाई साडी अशी फेकतात की ती पडतानाच दुघडी होऊन बसते.

दांडीपर्यंत कुणी पोचायचं याचे नियम आहेत. थेट दांडीवर कुणालाच जागा नाही. पडवीत निथळून, माजघरात वारा खाऊन, अर्धं वाळल्यावरच बढती. "ठिबकणारं वर टाकलंस तर चूल विझवशील आणि लाकडं भिजवशील," असं पहिल्याच वर्षी ऐकून घेतलं होतं. पण यामागे चूल वाचवण्याहून जास्त काही आहे, हे मला आकडेमोड केल्यावर कळलं.

आमचं माजघर 12 फूट बाय 12, उंची 9 फूट. म्हणजे साधारण 37 घनमीटर हवा. 26 अंश तापमानाला एका घनमीटर हवेत फार तर 24 ग्रॅम वाफ मावते. अख्खं माजघर वाफेने ठासून भरलं तरी ते पाणी लिटरभराहून कमीच. झडीच्या दिवशी त्यातली 90 टक्के जागा आधीच भरलेली. उरलं काय, तर 90 ग्रॅम पाण्याची सोय, अर्धी-पाऊण वाटी. पिळून वाळत घातलेल्या एका सुती साडीत त्याच्या चार-पाच पट पाणी असतं. म्हणून दारंखिडक्या लावून, वर पंखा सोडून रात्रभर कपडे वाळवू पाहणाऱ्याच्या पदरी सकाळी ओले कपडे आणि घाम आलेल्या भिंती पडतात. पंखा हवा कोरडी करत नाही, तो फक्त कपड्याला चिकटून बसलेला ओला थर हलवतो. तो थर जायचा कुठे, ही सोय घराने करायची. सासूबाई वाऱ्याच्या बाजूच्या, म्हणजे पश्चिमेच्या खिडक्या घट्ट लावतात आणि पूर्वेच्या सताड उघडतात. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. बाहेर धो धो पाऊस आणि म्हातारी खिडक्या उघडतेय! पण बाहेरची 90 टक्क्यांची हवासुद्धा आतल्या तुंबलेल्या हवेपेक्षा बरी.

चुलीचा मान याच हिशेबात आहे. तीच हवा नुसती 3 अंशांनी तापवली तर आर्द्रता 90 वरून 76 टक्क्यांवर येते आणि वाफेला मिळणारी मोकळी जागा जवळजवळ तिप्पट होते. चुलीवरची हवा तापून वर चढते, दांडीवरच्या कपड्यांतून जाते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. म्हणजे ऊब आहे, वारा आहे आणि बाहेर पडायला वाटही आहे. कौलं नळीची असोत की मंगलोरी, त्यांच्या मधल्या फटी पावसाचं पाणी आत येऊ देत नाहीत आणि वाफ बाहेर जाऊ देतात. आमच्याच गल्लीत स्लॅबची नवी घरं झाली, त्यांच्या छताच्या कोपऱ्यांत ऑगस्टपर्यंत काळी बुरशी धरते, आणि मग रंगवाल्याला दोष दिला जातो.

वाळवण्याची अर्धी लढाई मात्र पिळण्यातच जिंकायची असते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. ती चुलीतून येवो, पंख्याने हलवलेल्या हवेतून येवो की अंगावर ओला शर्ट चढवणाऱ्या माणसाच्या अंगातून. तेच पाणी मशीनच्या गरगर फिरणाऱ्या टबात चार-पाच मिनिटांत, नगण्य विजेत निघतं. त्या टबाला आपण 'ड्रायर' म्हणतो खरं, पण तो वाळवत काहीच नाही, नुसता जोराने पिळतो. लाइट नसले की चादरीचं एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं माझ्या, आणि दोघांनी उलट दिशांना पीळ द्यायचा. त्यावेळी सासूबाई तिसऱ्या माणसासारख्या मधोमध उभ्या राहून चादरीच्या पोटावर हात फिरवतात. अजून पाणी आहे, अजून, अजून.

घालण्याचीही पद्धत ठरलेली. शिवणी बाहेर. खिसे उलटे काढलेले. पँट कमरेतून, दोन्ही पाय एकमेकांना न चिकटता. चादर एका दोरीवर दुहेरी न टाकता दोन दोऱ्यांवर, मधे तंबूसारखी पोकळी ठेवून. मुलगा शाळेतून आला की स्वतःचा रेनकोट सगळ्यांच्या वर टाकतो आणि खालचं एक सबंध वाळलेलं पुन्हा भिजतं. यावरून रोज आरडाओरडा होतो आणि दुसऱ्या दिवशी तो तेच करतो.

यंदा या सगळ्या व्यवस्थेवर एक नवी मागणी आली. नणंद बाळंतपणाला माहेरी आली आणि आषाढाच्या तोंडावर बाळ झालं. तान्ह्या बाळाचं घर आणि झड हा योग ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. लंगोट, दुपटी, झबली, टोपडी, कुंची, अंगाखालच्या मेणकापडावरची फडकी. रात्रीपुरते डायपर असतात, पण दिवसा लंगोटच, हा सासूबाईंचा आग्रह. "तुमचे डायपर दुकानात वाळून मिळतात, त्वचा बाळाची असते." लंगोटांमुळे दांडीवरचा क्रम रातोरात बदलला. नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट माजघरात उतरले, मुलाची पीटीची पँट फ्रिजमागे गेली, माझ्या ओढण्या पुस्तकांच्या कपाटाच्या दारावर. नऊवारी नेसणाऱ्या काकी चार दिवस राहायला आल्या होत्या. त्यांची एक नऊवारी सबंध दांडी खाते, म्हणून त्यांनी आपणहून मुक्काम आवरता घेतला.

लंगोटांसाठी माळ्यावरून बांबूचं डालगं काढलं गेलं. शेगडीत निखारे घ्यायचे, धूर पूर्ण विरू द्यायचा, वर डालगं पालथं घालायचं आणि त्यावर लंगोट पसरायचे. वीसेक मिनिटांत एक फळी वाळते. शेवटी निखाऱ्यावर ओवा आणि वेखंडाची चिमूट, म्हणजे कपड्यांना धुरी. बाळाला धुरी द्यायची चाल या घरात होती. यावेळी बालरोगतज्ज्ञांनी ती साफ बंद केली, आणि बंद खोलीत पेटती शेगडी ठेवायची नाही असंही बजावलं. ते योग्यच झालं. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. त्यामुळे आता शेगडी मागल्या पडवीच्या उघड्या तोंडाशी असते आणि ओव्याची धुरी फक्त लंगोटांना मिळते. डालग्यापाशी कुणीतरी बसून राहावं लागतं. लंगोट करपला तर ठीक, पेटला तर पंचाईत. ही पाळी बहुधा माझ्याकडे येते, आणि खरं सांगायचं तर झडीच्या दिवसांत घरातली सर्वांत उबदार नोकरी तीच आहे. मांजरानेही ते ओळखलंय.

"वहिनी, हे वाळलंय का गं?" हा नणंदेचा दिवसातून असंख्य वेळा येणारा प्रश्न. गार कपडा आणि ओला कपडा हातांना सारखाच लागतो. यात हातांचा दोष नाही. माणसाच्या त्वचेला ऊन-गार कळतं, दाब कळतो, पण ओल ओळखणारी वेगळी सोय तिच्यात नाही. गारवा आणि स्पर्श जुळवून मेंदू अंदाज बांधतो. आषाढात सगळंच गार, त्यामुळे अंदाज चुकतो. सासूबाई कपडा हाताने बघतच नाहीत. आधी शिवण गालाला लावतात, मग मुठीत दाबून ऊब देतात, पुन्हा गालाला लावतात. गार असलेला कपडा ऊब धरतो, ओला लगेच पुन्हा गार पडतो. त्यातही सुती कपडा पूर्ण कोरडा असा होतच नाही. बऱ्या हवेतसुद्धा सूत स्वतःच्या वजनाच्या 8 टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतं आणि दमट हवेत त्याहून बरंच जास्त. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. शाळेचा टेरिकॉटचा गणवेश म्हणून तर पंख्याखाली एका रात्रीत वाळतो आणि बाळाचं सुती दुपटं दुसऱ्या दिवशीही 'अजून एक शेक' मागतं.

मग वास. उशिरा वाळलेल्या कपड्याला येणारा तो आंबूस कुबट वास, जो साबण बदलून जात नाही. जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिलं की याच्या मुळाशी बहुतांशी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू असतो. तो धुण्यातून तगतो, वाळण्यातूनही तगतो, आणि कपडा ओला राहिला की अंगाच्या तेलकटपणावर जगून तो वास सोडतो. म्हणजे वास आला की कपडा पुन्हा धुणं हे अर्धं उत्तर. खरा उपाय वेळ कमी करण्याचा किंवा उकळत्या पाण्याचा. सासूबाईंचा शिरस्ता यातला दुसरा आहे. लंगोट, पायपुसणी, टॉवेल आठवड्यातून एकदा चुलीवरच्या हंड्यात उकळतात. त्यांना जीवाणूचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, "असेल. उकळल्यावर त्याचं नाव काय राहतं?"

कपडे हे त्या ओलीचं दिसणारं तोंड. बाकी घर आतून ओलावत असतं. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं, आणि खडेमिठातले मॅग्नेशियमचे क्षार त्याच्या पुष्कळ आधीपासून ओढत असतात. पिशवीतल्या बारीक मिठाला हे कमी होतं, पण लोणच्याला आमच्याकडे खडेमीठच लागतं. उडदाचे पापड डब्याचं झाकण उघडल्यापासून घटका मोजू लागतात. म्हणून मोठ्या डब्यातून आठवड्यापुरते लहान डब्यात, आणि तोही कोरड्या हाताने उघडायचा. मे महिन्यात घातलेली आंब्याची साठं सुरीने कापायची असतात, आषाढात ती सोलावी लागतात. रवा सादळतो, डाळीत टोके होतात, काड्यापेटीची काडी घासली की डोकं गळून पडतं. चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट लव धरते. दिवाणखान्याचं दार फुगून अडतं. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही, म्हणून दार नेहमी कडीच्या बाजूला घासतं. सुताराला बोलावून रंधा मारावा, तर दिवाळीत तेच दार फट दाखवतं. आम्ही आता मारत नाही. जून ते सप्टेंबर खांदा लावून उघडतो.

सर्वांत मोठं वाळवण तर आमच्या घराबाहेरच चालू असतं. गणपतीच्या शाळेत शाडूच्या मूर्ती भर पावसात वाळवायच्या असतात. आमचा पाट आषाढातच तिथे जातो. शाळेत गेलं की बल्ब लोंबत असतात, पंखे मूर्तींकडे तोंड करून ठेवलेले, आणि मूर्तिकार कुणालाही घाई करू देत नाहीत. बाहेरून कडक आणि आत ओली राहिलेली मूर्ती तडकते, हे त्यांना माहीत असतं. सासूबाई आणि ते यांच्यात या विषयावर दरवर्षी जी चर्चा होते ती दोन तज्ज्ञांची असते. बाकीच्यांनी मधे बोलू नये.

चुलीचीही भूक असते, आणि तिला कोरडंच लागतं. मे महिन्यात रचलेली किंजळ आणि ऐनाची लाकडं, नारळाची सोडणं, करवंट्या, चुडतांचे पिडे हे सगळं आषाढाच्या मध्यापर्यंत खालून ओल धरतं. त्यामुळे दांडीवर कपडे वाळत असतात तेव्हा चुलीच्या दोन्ही अंगांना उद्याची लाकडं वाळत असतात. ओलं लाकूड घातलं तर काही उष्णता त्यातलं पाणी घालवण्यातच जाते आणि उरलेला धूर शर्टांना लागतो. नवऱ्याच्या ऑफिसात त्याच्या शर्टाच्या वासावरून लोक विचारतात, घरी चुलीवरचं जेवता का? तो हो म्हणतो. त्याला ते बरं वाटतं.

आणि मग कधीतरी उघडीप. तीही पुरती नाही. ढग जरा वर सरकतात, कौलं वाफाळू लागतात, उन्हाची एक तिरीप खळ्यात पडते. सासूबाई चहाचा कप अर्धा ठेवून उठतात. पुढच्या पाच मिनिटांत घर बाहेर येतं. गाद्या कठड्यावर, उशा पायरीवर, चादरी जास्वंदीच्या झुडपांवर, लोणच्याच्या बरण्या, मसाल्याचे डबे, पट्टे, चपला, मुलाची कंपासपेटी, माझ्या पुस्तकांतली बुरसलेली निवडक. बाळाची गादी सर्वांत मोक्याच्या जागी. कुणी कुणाला सांगत नाही, जो तो आपल्या वाटणीचं उचलतो. त्या तासाभरात सासूबाई आत येत नाहीत. त्या ओसरीच्या कडेला बसून पश्चिमेकडे बघतात. आमच्याकडे सर डोंगरावरून येत नाही, दरीच्या बाजूने येते, आणि येण्याआधी खालच्या फणसांची पानं उलटी होतात. पानं उलटली की "आलीऽऽ!" अशी एकच हाक. त्या हाकेनंतर फोनवर बोलत असलेला माणूसही फोन टाकून गाद्या उचलतो. बहुतेक वेळा सगळं आत येतं. एखादी उशी राहते आणि तिला पुन्हा पडवीपासून सुरुवात करावी लागते.

यंदा नवऱ्याने कपडे वाळवायचं खरंखुरं मशीन घ्यायचं मनावर घेतलं. बहिणीचे हाल बघवेनात, असं कारण दिलं, शर्टांचं बोलला नाही. दोन प्रकार निघाले. एकात ओली गरम हवा नळीने बाहेर सोडायची, दुसऱ्यात ती आतच गार करून पाणी टाकीत जमा करायचं. तो जेवताना माहितीपत्रक वाचून दाखवत होता. सासूबाईंनी मध्येच विचारलं, "त्यातली ओली हवा जाते कुठे?" त्याने टाकीचं सांगितलं. "म्हणजे कपड्यातलं पाणी रोज मी उचलून बाहेर ओतायचं." मग विजेचा हिशेब झाला. तीन लिटर पाण्याला साध्या मशीनमध्ये निदान दोन युनिटं. हीट पंपवालं त्याहून कमी खातं, पण किंमत ऐकून मी भात वाढायला उठले. "आणि लाइट गेले की?" त्याने इन्व्हर्टरवर चालत नाही असं हळूच सांगितलं.

तरी त्या नाही म्हणाल्या नाहीत. अडचण निघाली ती वेगळीच. अशा मशीनला 16 अँपिअरचा सॉकेट लागतो, आणि तसा सॉकेट घरात एकाच ठिकाणी आहे, गिझरसाठी काढलेला आणि कधी न वापरलेला. मागल्या पडवीत, चुलीपासून हातभर अंतरावर, दांडीच्या बरोबर खाली. नवऱ्याने टेप आणून जागा मोजली. दांडी दोन फूट सरकवावी लागेल म्हणाला. सासूबाईंनी वर बघितलं. वर बाळाची सात-आठ दुपटी होती आणि कडेला, बऱ्याच दिवसांनी जागा मिळालेला, त्याचाच एक शर्ट.

"दिवाळीनंतर बघू," त्या म्हणाल्या.